काळ्या कुंकवाचे फोटो

मोबाइलवर बोट फिरवताच फोटोला ‘जुना’, ‘सेपिया’ किंवा ‘फिल्म’सारखा रंग चढतो. यातली प्रत्येक छटा कधीकाळी रसायनाने किंवा कारागिराच्या हाताने उमटत असे.

निजामाच्या राज्यातल्या छायाचित्रणातले सर्वांत मोठे नाव राजा दीनदयाळ. सहावे निजाम महबूब अली खान यांचे ते दरबारी छायाचित्रकार. सिकंदराबादेत त्यांचा स्टुडिओ होता, पुढे १८९६ मध्ये मुंबईतही निघाला. त्या काळचे प्रिंट बहुतांशी अंड्याच्या बलकाभोवतीचा पांढरा भाग लावलेल्या अल्ब्युमेन कागदावर निघत. त्यांना तपकिरी छटा असते आणि वयोमानाने त्यांचे उजळ भाग पिवळे पडतात. आजचा ‘व्हिंटेज’ पिवळेपणा तिथूनच आला. सेपिया मात्र मुद्दाम करत. प्रिंटमधली चांदी आधी ब्लीच करून सल्फाइडच्या द्रावणात घातली, की तपकिरी सिल्व्हर सल्फाइड तयार होई. ते चांदीपेक्षा टिकाऊ असल्याने असे फोटो आजही शाबूत सापडतात.

कृष्णधवल फोटोचा स्वभाव कॅमेऱ्यातल्या काचेच्या प्लेटला कोणता रंग दिसतो यावर ठरे. सुरुवातीच्या प्लेटांना मुख्यतः निळा दिसे, म्हणून आकाश पांढरेफटक येई. नंतरच्या ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटांना हिरवाही दिसू लागला, पण लाल नाहीच. म्हणून नऊवारीतल्या आजीच्या कपाळावरचे लालभडक कुंकू फोटोत काळे ठिपके होऊन बसले आणि सावळा चेहरा आणखी काळवंडला. १९०६ मध्ये सर्व रंग टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिक प्लेटा बाजारात आल्या, पण त्या रुळायला बराच काळ गेला.

तोवर चेहरा उजळायचे काम रिटचिंगवाल्याचे. निगेटिव्हवर शिसपेन्सिलीने जिथे बारीक टिपके द्यावेत, तिथे प्रिंट उजळ येई. पात्याने हलके खरवडावे, तिथे गडद. सगळे हिशेब उलटे मांडूनच करायचे, आणि चूक झाली तर काच वाया. त्या कारागिरांची नावे फोटोच्या पुठ्ठ्यावर सहसा आली नाहीत, ही खरी हळहळ आहे. प्रिंटवर पाण्याचे किंवा तेलाचे पातळ रंग चढवून पदर, दागिने आणि ते कुंकूही रंगवले जाई.

रंगीत फिल्म आल्यावर हे काम ओसरले. तिच्या प्रिंटमधला सायन (हिरवट निळा) रंग अनेकदा आधी उडतो, म्हणून १९७०च्या दशकातले लग्नाचे अल्बम तांबूस दिसतात. तोही रंग आता एका फिल्टरमध्ये मिळतो.