न्यू इंडियाची इमारत आणि कारागिराचे नाव

नोकरीधंद्यानिमित्त मुंबईस राहणाऱ्या आपल्या सुवर्णकार ज्ञातिबांधवांपैकी पुष्कळांना फोर्टातील महात्मा गांधी मार्ग परिचित असेल. त्याच मार्गावर न्यू इंडिया ॲशुरन्स या विमा कंपनीची भव्य कचेरी उभी आहे. सर दोराबजी टाटा यांनी १९१९ साली ही कंपनी स्थापिली. विम्याचा धंदा तेव्हा बहुतांशी परकीयांच्या हाती होता. अशा काळी हे नाव धारण करणे हीच एक घोषणा होती. पुढे १९७३ साली कंपनीचे राष्ट्रीयीकरण झाले.

सदर इमारत १९३६ साली पूर्ण झाली. मास्टर, साठे आणि भुता हे तिचे वास्तुविशारद. फोर्टातील जुन्या इंग्रजी इमारतींच्या टोकदार कमानी व मनोरे येथे शोधून सापडणार नाहीत. लोखंडी सळया व सिमेंट काँक्रीट यांचा हा सांगाडा. दर्शनी भागावरील उभ्या, सरळ रेषा पाहणाऱ्याची नजर थेट वर नेतात. १९२५ च्या पॅरिस येथील प्रदर्शनानंतर जगभर पसरलेली 'आर्ट डेको' शैली ती हीच.

परंतु या वास्तूचे खरे वैभव तिच्या शिल्पांत आहे. शेतकरी, कुंभार, सूत कातणाऱ्या स्त्रिया अशी कष्टाची माणसे येथे कोरलेली आहेत. लाखोंचे व्यवहार करणाऱ्या कंपनीने दाराशी हातांनी काम करणाऱ्यांना मान द्यावा, ही गोष्ट मला मोठी मोलाची वाटते. हे शिल्पकाम ना. ग. पानसरे यांचे. मालकाचे नाव सर्वांस ठाऊक, कारागिराचे मात्र क्वचितच कोणी घेतो!

या बाबतीत आपला कन्नड तालुका भाग्यवान म्हटला पाहिजे. पितळखोऱ्याच्या लेण्यांत सापडलेल्या, दोन हजार वर्षांहून प्राचीन अशा यक्षमूर्तीच्या तळहातावर तिच्या कर्त्याचे नाव कोरलेले आहे. तो कण्हदास, आणि तो स्वतःस हिरण्यकार, म्हणजे सोनार, म्हणवितो. सोन्यावर बसलेला हात पाषाणावरही तितकाच सफाईने चालला.

हा यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. न्यू इंडियाची शिल्पे मात्र जागच्या जागी, रस्त्यावरूनच पाहता येतात. ती पाहावयाची झाल्यास पलीकडच्या पदपथावर उभे राहावे. अगदी दाराशी गेल्यास वरच्या आकृती नीट दिसत नाहीत.