अझरायाह, वेदनायगम सॅम्युएल
(१७ ऑगस्ट १८७४–१ जानेवारी १९४५). भारतातील अँग्लिकन चर्चचे पहिले भारतीय बिशप व चर्चच्या ऐक्याचे एक अग्रणी पुरस्कर्ते. जन्म तमिळनाडूतील तिरुनेलवेली भागातील वेळ्ळाळनविळै या खेड्यात. वडील टॉमस वेदनायगम हे नाडर समाजातून ख्रिस्ती धर्मात आलेले ग्रामीण पाळक होते. अझरायाह यांचे उच्च शिक्षण मद्रास ख्रिश्चन कॉलेजमध्ये झाले. पदवी मात्र त्यांना घेता आली नाही. १८९५ पासून सु. चौदा वर्षे ते यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनचे सचिव होते. शेरवुड एडी या अमेरिकन सहकाऱ्याशी त्यांचा स्नेह याच काळात जुळला. गोऱ्या मिशनऱ्याशी बरोबरीच्या नात्याने मैत्री होऊ शकते, हा अनुभव त्यांना येथे मिळाला व तो किती विरळा आहे, हेही कळले.

१९०२ मध्ये ते श्रीलंकेतील जाफना येथे गेले असता तेथील तमिळ ख्रिस्ती स्वखर्चाने धर्मप्रसार करीत असल्याचे त्यांना दिसले. त्यातून १९०३ मध्ये तिरुनेलवेली येथे ‘इंडियन मिशनरी सोसायटी’ स्थापन झाली. भारतीय पैसा, भारतीय माणसे व भारतीय व्यवस्थापन हे तिचे सूत्र होते. सर्व पंथांना सामावणारी ‘नॅशनल मिशनरी सोसायटी’ १९०५ मध्ये सेरामपूर येथे निघाली. तिच्या संस्थापकांतही ते होते. पहिल्या संस्थेने निजामाच्या राज्यातील दोर्नाकल (सध्या तेलंगण राज्यात) हे कार्यक्षेत्र निवडले. इतरांना तेथे पाठवून स्वतः कचेरीत बसणे त्यांना पटेना. १९०९ मध्ये दीक्षा घेऊन ते दोर्नाकलला गेले. तेलुगू ही त्यांना नव्याने शिकावी लागली.

१९१० मध्ये एडिंबरो येथे भरलेल्या जागतिक मिशनरी परिषदेत विदेशी व देशी कार्यकर्त्यांचे सहकार्य या विषयावर त्यांचे भाषण झाले. मिशनऱ्यांनी आपली संपत्ती दिली, देह झिजवला, हे त्यांनी कृतज्ञतेने मान्य केले. परंतु भारतीय सहकाऱ्याला ते घरी जेवावयास बोलावीत नाहीत, धनी आणि नोकर हाच संबंध राहतो, असे सांगून त्यांनी मैत्रीची मागणी केली. सभेतील पुष्कळांना हे भाषण झोंबले. परिषदेतील बहुतेक व्याख्याने आज विस्मृतीत गेली असली, तरी हे भाषण अजून आठवले जाते.

मद्रासचे बिशप हेन्री व्हाइटहेड यांच्या आग्रहामुळे २९ डिसेंबर १९१२ रोजी कलकत्त्याच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये त्यांना बिशपपदाची दीक्षा देण्यात आली. या निवडीस यूरोपीय मिशनऱ्यांचा विरोध होता, तसाच काही भारतीय ख्रिस्ती लोकांचाही होता. दुसऱ्याच्या मुळाशी जातिभावना होती, हे नमूद करणे भाग आहे. प्रारंभी त्यांचे क्षेत्र लहान होते. पुढे त्याचा विस्तार झाला, तेव्हा इंग्रज मिशनरी भारतीय बिशपच्या अधिकाराखाली आले. मृत्यूपर्यंत आपल्या चर्चमधील ते एकमेव भारतीय क्षेत्राधिकारी बिशप राहिले. हा मान व्यक्तीचा असला, तरी त्यामागील संस्थेची मंदगती त्यावरून स्पष्ट होते.

त्यांच्या क्षेत्रातील बहुसंख्य नवख्रिस्ती माला व मादिगा या अस्पृश्य जातींतील शेतमजूर होते. बैलगाडीने खेडोपाडी हिंडून ते अस्वच्छता, रोगराई, कर्ज व दारू यांविरुद्ध उपदेश करीत. बाप्तिस्मा घेणाऱ्याने स्वतःच्या मस्तकावर हात ठेवून धर्मप्रसाराची शपथ घ्यावी, अशी प्रथा त्यांनी रूढ केली. त्यांच्या कारकीर्दीत ख्रिस्ती लोकसंख्या दोन लाखांवर गेली. माला व मादिगा यांच्यातील दुरावा मात्र चर्चमध्येही पुरता मिटला नाही. १९३९ मध्ये समर्पित झालेल्या दोर्नाकलच्या कॅथीड्रलमध्ये हिंदू, मुस्लिम व ख्रिस्ती वास्तुशैलींचा मेळ त्यांनी साधला आहे; घुमट व मनोऱ्यांबरोबर तेथील स्तंभांवर कमळे आढळतात.

ख्रिस्ती समाजासाठी स्वतंत्र मतदारसंघ असू नयेत, असे त्यांचे मत होते व १९३२ च्या जातीय निवाड्यावर त्यांनी टीका केली. धर्मसमाजाचे राजकीय गटात रूपांतर होईल, ही त्यांची भीती होती. या प्रश्नावर राष्ट्रीय चळवळीच्या जवळ असूनही धर्मांतराबाबत महात्मा गांधींशी त्यांचा तीव्र मतभेद झाला. १९३५ मध्ये येवले येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही, असे जाहीर केल्यानंतर हा वाद अधिकच पेटला. अस्पृश्यांना ख्रिस्ती उपदेशाचे मर्म समजून निवड करता येणे शक्य नाही, असा गांधींचा आक्षेप होता. धर्मांतरितांच्या राहणीत व आत्मसन्मानात पडलेला फरक अझरायाह पुढे करीत. आंबेडकरांचा पवित्रा निराळा होता. अस्पृश्यांना निवड करता येते, हे त्यांनी गृहीतच धरले होते. ज्यांच्याविषयी हा वाद चालला, त्या शेतमजुरांचे स्वतःचे म्हणणे फारच थोडे नोंदले गेले आहे, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

१९१९ मध्ये तरंगंबाडी (ट्रांकेबार) येथील परिषदेत पाश्चात्त्य पंथभेद भारतावर लादले गेले आहेत, असे सांगणारे निवेदन निघाले. त्यात त्यांचा पुढाकार होता. १९२७ च्या लोझॅन परिषदेतही त्यांनी हाच विचार मांडला. ‘नॅशनल ख्रिश्चन कौन्सिल’चे ते अध्यक्ष होते. केंब्रिज विद्यापीठाने १९२० मध्ये त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. दोर्नाकल येथे त्यांचे निधन झाले. अँग्लिकन, मेथडिस्ट आणि साउथ इंडिया युनायटेड चर्च यांच्या एकीकरणातून ‘चर्च ऑफ साउथ इंडिया’ २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रास येथे अस्तित्वात आले, ते त्यांच्या मृत्यूनंतर पावणेतीन वर्षांनी.