सौर इन्व्हर्टरची उंची व मोकळी जागा

सौर इन्व्हर्टर हे सौर पटलांतून मिळणाऱ्या डीसी विजेचे घरात वापरता येणाऱ्या एसी विजेत रूपांतर करणारे उपकरण आहे. ते भिंतीवर किती उंचीवर बसवावे, त्याच्या सभोवती किती जागा रिकामी ठेवावी आणि त्याच्या शेजारी कोणत्या वस्तू असू नयेत, यावर त्याचे आयुष्य, उन्हाळ्यातील वीजनिर्मिती आणि घराची आगीपासूनची सुरक्षितता अवलंबून असते. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील सोयगाव तालुक्यासारख्या उष्ण व कापूसउत्पादक भागात या विषयाला विशेष महत्त्व आहे.

मराठी बोलण्यात ‘इन्व्हर्टर’ म्हटले की बहुधा भारनियमनासाठी घेतलेला बॅटरीवरचा संच समजला जातो. तो जमिनीवर किंवा ट्रॉलीवर ठेवतात. छतावरील सौर संचाचा इन्व्हर्टर मात्र सामान्यतः भिंतीवर उभा बसवला जातो. या लेखात त्याचाच विचार केला आहे.

पार्श्वभूमी

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘पीएम सूर्यघर : मोफत वीज योजना’ सुरू केली. एक कोटी घरांवर सौर संच बसवणे हे तिचे उद्दिष्ट असून ३ किलोवॅट व त्याहून मोठ्या घरगुती संचास कमाल ७८,००० रुपये केंद्रीय अनुदान मिळते. त्यामुळे पूर्वी मोठ्या इमारतींपुरते मर्यादित असलेले हे उपकरण खेड्यांतील घरांच्या भिंतींवर आले. पटलांची दिशा व सावली यांकडे सहसा लक्ष दिले जाते. इन्व्हर्टरची जागा मात्र पुष्कळदा केबल कुठे कमी लागेल, एवढ्यावरच ठरते.

नियम व मानके

भारतात विकल्या जाणाऱ्या सौर इन्व्हर्टरच्या सुरक्षेसाठी आयएस १६२२१ हे मानक असून ते आंतरराष्ट्रीय आयईसी ६२१०९ मानकावर आधारलेले आहे. उपकरण कसे बसवावे आणि त्याला हवा कशी मिळावी, याची माहिती उत्पादकाने पुस्तिकेत देणे या मानकात अपेक्षित आहे. म्हणून मोकळ्या जागेचा निर्णायक आकडा त्या-त्या उपकरणाच्या पुस्तिकेतच पाहावा लागतो. पुस्तिकेतील अंतरे न पाळल्यास हमी नाकारली जाऊ शकते.

सर्वसाधारण विद्युत नियमांतून मिळणारे काही आधारही उपयोगी आहेत. घरगुती वायरिंगच्या आयएस ७३२ या मानकानुसार स्विचबोर्डाचा खालचा काठ जमिनीपासून १.२५ मीटरच्या आत नसावा; दाराने पूर्ण बंद होणारा बोर्ड आणि फक्त अधिकृत व्यक्तीच पोहोचू शकतील अशी जागा हे अपवाद आहेत. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा विनियमांत २५० व्होल्टपेक्षा अधिक दाबाच्या स्विचबोर्डासमोर किमान १ मीटर जागा मोकळी ठेवण्याची तरतूद होती. बोर्डाच्या मागे उघड्या जोडण्या असतील तर तेथील जागा २० सेंटिमीटरपेक्षा कमी किंवा ७५ सेंटिमीटरपेक्षा जास्त असावी, असेही त्यात म्हटले होते. हा दुसरा नियम प्रथमदर्शनी विचित्र वाटतो. त्यामागचा विचार असा की जागा एक तर माणूस शिरूच शकणार नाही इतकी अरुंद असावी, नाही तर धक्का बसल्यास सहज बाहेर पडता येईल इतकी रुंद असावी. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतही ही कल्पना फूट-इंचांत होती. २०१० च्या विनियमांची जागा २०२३ च्या विनियमांनी घेतली.

या तरतुदी स्विचबोर्डांसाठी आहेत. २३० व्होल्टच्या घरगुती इन्व्हर्टरला त्या शब्दशः लागू होत नाहीत. परंतु त्याच इन्व्हर्टरच्या डीसी बाजूला सहा पटलांची एक माळ असली, तरी उन्हात सुमारे ३०० व्होल्ट दाब असतो. दुरुस्तीसाठी उभे राहणाऱ्याच्या दृष्टीने समोरची १ मीटर जागा त्यामुळे अवाजवी ठरत नाही.

उष्णता व मोकळी जागा

इन्व्हर्टरमध्ये शिरणारी सगळी वीज बाहेर पडत नाही. ९७ टक्के कार्यक्षमतेचा इन्व्हर्टर ३ किलोवॅट वीज देत असताना सुमारे ९० वॅट उष्णता निर्माण करतो. शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब भरदुपारी एखाद्या पेटीत जळत राहावा, तसा हा प्रकार आहे. लहान इन्व्हर्टरना बहुधा पंखा नसतो. मागच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांमधून गरम हवा वर जाते आणि तिच्या जागी खालून थंड हवा येते. वरची किंवा खालची वाट बंद झाली की हा प्रवाह मंदावतो. म्हणून अनेक पुस्तिकांत वर व खाली साधारण ३० ते ५० सेंटिमीटर, तर बाजूंना त्याहून काहीसे कमी अंतर सांगितलेले आढळते. पंखा असलेल्या उपकरणात गरम हवा बाजूने बाहेर पडत असेल, तर त्या बाजूला अधिक जागा लागते. उपकरण उभे किंवा किंचित मागे कललेले चालते. पुढे झुकलेले, आडवे किंवा उलटे बसवणे सहसा निषिद्ध असते.

आतील तापमान ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की इन्व्हर्टर स्वतःला वाचवण्यासाठी निर्मिती कमी करतो. अनेक उपकरणांत भोवतालच्या हवेचे तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचल्यावर ही कपात सुरू होते. पडद्यावर कोणताही दोष दिसत नाही. युनिट मात्र कमी पडतात. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचे आयुष्य तापमान १० अंशांनी वाढल्यास सुमारे निम्मे होते, असा अभियांत्रिकीतील स्थूल नियम आहे.

एकाहून अधिक इन्व्हर्टर असल्यास ते शेजारी-शेजारी लावणे चांगले. एकाखाली एक लावल्यास खालच्याची गरम हवा वरच्याला मिळते. नाइलाजच असेल तर ते तिरकस, एकमेकांच्या थेट वर येणार नाहीत असे बसवतात.

उंची

उंची ठरवताना परस्परविरोधी गरजांचा मेळ घालावा लागतो. पडदा उभ्या माणसाच्या नजरेसमोर यावा आणि डीसी बाजूचा आयसोलेटर स्टुलाविना हाती लागावा, ही पहिली गरज. दिवसा पटलांतून येणारा दाब मुळाशी बंद करता येत नाही आणि डीसी ठिणगी एसीसारखी शून्यावर येऊन आपोआप विझत नाही; म्हणून हा आयसोलेटर संकटाच्या वेळी कोणालाही पटकन गाठता आला पाहिजे. उलट मुलांचे हात, गुरांची शिंगे, अंगण धुण्याचे पाणी आणि पावसाचे उडणारे शिंतोडे यांपासून उपकरण दूर हवे. छताला टेकवून बसवणेही चुकीचे, कारण खोलीतील सर्वांत गरम हवा तेथेच साठते. व्यवहारात पडदा सुमारे दीड मीटरवर येईल अशी जागा बहुतेक घरांत सोयीची ठरते. केबल खालून आत घेतात आणि आत शिरण्यापूर्वी तिला खाली झुकता वळसा देतात, म्हणजे पाणी तिच्यावरून आत न जाता वळशाच्या टोकाला गळून पडते.

आयपी ६५ दर्जाचे कवच धूळ व पाण्याचे फवारे रोखते. ऊन मात्र ते रोखत नाही. ‘बाहेर बसवण्यास योग्य’ या शब्दांचा ‘उन्हात बसवण्यास योग्य’ असा अर्थ लावणे ही नेहमी आढळणारी चूक होय.

सोयगाव तालुक्यातील परिस्थिती

सोयगाव तालुका अजिंठा डोंगररांगेच्या उत्तर पायथ्याशी, तापीच्या खोऱ्यात येतो. अजिंठा लेणी याच तालुक्यात आहेत. मराठवाड्यात मोडत असला, तरी हवामानाच्या दृष्टीने हा भाग खानदेशाला जवळचा आहे. लगतच्या जळगाव परिसरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. निर्मितीकपातीची मर्यादा येथे सावलीतही गाठली जाऊ शकते, मग पश्चिमेच्या भिंतीवर किंवा पत्र्याच्या शेडखाली विचारायलाच नको.

उत्तरेची भिंत सावलीची, हा समज येथे पूर्णतः खरा नाही. सोयगाव सुमारे साडेवीस अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मेच्या उत्तरार्धापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत सूर्य माध्यान्हीही किंचित उत्तरेकडे असतो आणि सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन उत्तरेच्या भिंतीवर येते. तरीही चारही भिंतींत तीच बरी. फक्त वर छज्जा हवा आणि छज्जा व उपकरण यांत पुस्तिकेतील अंतर राखलेले हवे.

कापूस हा येथील दुसरा प्रश्न आहे. वेचणीनंतर भाव मिळेपर्यंत तो घरातच, छतापर्यंत भरून ठेवण्याची पद्धत आहे. जळणासाठी पऱ्हाट्यांचे आणि गुरांसाठी कडब्याचे ढीग भिंतीला लावलेले असतात. इन्व्हर्टर बसवताना भिंत रिकामी असते. दिवाळीपर्यंत तीच जागा भरून जाते. त्यामुळे मोजमाप उन्हाळ्यातील रिकाम्या खोलीचे न घेता भरल्या घराचे घ्यावे लागते. कापूस साठवण्याच्या खोलीत इन्व्हर्टर बसवू नयेच. गोठाही टाळावा, कारण मूत्र व शेणातून निघणारा अमोनिया तांब्याच्या जोडण्या गंजवतो. लेड-ॲसिड बॅटरीच्या थेट वरची जागाही वर्ज्य समजतात. चार्जिंगच्या वेळी निघणारा हायड्रोजन हवेहून हलका असल्याने वर चढतो.

जुन्या धाब्याच्या घरांत भिंती माती-दगडाच्या असतात. अशा भिंतीत विस्तार पावणारे बोल्ट पकड घेत नाहीत आणि दहा-पंधरा किलोचे उपकरण कालांतराने सैल होते. अशा ठिकाणी जमिनीत काँक्रीटमध्ये रोवलेल्या लोखंडी चौकटीवर ते बसवणे अधिक सुरक्षित असते. लाकडी फळीवर किंवा प्लायवर बसवण्याची युक्ती टाळावी. मागचा पृष्ठभाग न जळणारा असावा लागतो.

शेतातील पंप नियंत्रक

२०१९ मध्ये सुरू झालेली पीएम-कुसुम योजना आणि राज्याची २०२४ मधील ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना यांतून मिळणाऱ्या पंपांचा नियंत्रक हाही एक प्रकारचा इन्व्हर्टरच असतो. तो पटलांच्या खांबावर, पटलांच्याच सावलीत बसवतात. ही जागा उष्णतेच्या दृष्टीने चांगली आहे. धोका असतो तो खालून. विहीर नाल्याकाठी असल्यास मागील पुराची खूण पाहूनच उंची ठरवावी लागते. मका माणसापेक्षा उंच वाढतो आणि वेली खांबावर चढतात. भाद्रपदात नियंत्रक पानांत पूर्ण झाकला गेल्यास हवेची वाट बंद होते व समोरची जागाही उरत नाही. खांबाभोवती एक मीटर पट्टा पेरणीच्या वेळीच सोडणे हा त्यावरचा साधा उपाय आहे. केबल शिरण्याची उघडी राहिलेली छिद्रे बुजवावी लागतात, कारण उबेला आलेल्या पाली व मुंग्या त्यांतूनच आत जातात. झाकण उघडण्यापूर्वी वीज बंद करून पुस्तिकेत सांगितलेली काही मिनिटे थांबावे लागते. तोवर आतील कपॅसिटरमध्ये विद्युतभार शिल्लक असतो.