हौशी बिनतारी आणि तारांचा गोंगाट

रत्नागिरीच्या एखाद्या वाडीत पावसाळी रात्री रेडिओ लावला, की विजेच्या खांबाजवळच्या घरात खरखर अंमळ जास्तच येते, हे तुम्ही अनुभवले असेल. ओल्या इन्सुलेटरवर बारीक ठिणग्या उडतात, त्यांची ती खरखर. आजची गोष्ट अशाच गोंगाटाची आहे.

परवाना काढून, घरच्या घरी यंत्र जुळवून, पैसा न घेता दूरच्यांशी बोलणारे जे हौशी लोक, त्यांना ‘हॅम’ म्हणतात. १९३९ साली युद्ध पेटले आणि इंग्रज सरकारने त्यांना प्रक्षेपणाची यंत्रे पोलिसांत जमा करायला लावली. मुंबईचा नरिमन प्रिंटर हा त्यांतलाच एक हॅम. १९४२ साली उषा मेहता आणि सोबत्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ काढायचे ठरवले, तेव्हा यंत्र उभारायला तोच उपयोगी पडला. २७ ऑगस्टपासून ४२.३४ मीटरवर आवाज येऊ लागला. मंडळी सारखी बिऱ्हाड बदलीत. सरकारी रेडिओ त्याच लहरीवर गोंगाट सोडी, म्हणून ‘ए. आय. आर.’ म्हणजे ‘अँटी इंडिया रेडिओ’, असे उषाबेन म्हणत. (आकाशवाणीच्याच पुस्तिकेत हे छापताना गंमत वाटते खरी!) १२ नोव्हेंबरला छापा पडला. जागा दाखवली ती पकडलेल्या प्रिंटरनेच. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली.

शिक्षकांनी फळ्यावर एक गणित घालावे. लहरींचा वेग सेकंदाला ३० कोटी मीटर, त्याला ४२.३४ ने भागा. सेकंदाला सुमारे ७१ लाख आवर्तने येतात. आजचे हॅमही ७० ते ७२ लाखांच्या ह्याच पट्ट्यात बोलतात.

पुढे विजेच्या तारांतूनच इंटरनेट पोचवायची कल्पना निघाली. ते संदेशही ह्याच लहरींच्या आसपास धावतात, आणि त्या उघड्या तारांना कवच नाही. तेव्हा मैलभर तारच एरियल होऊन बसते. अमेरिकेत २००४ साली तसे नियम झाले. हॅम कोर्टात गेले; २००८ साली कोर्टाने नियमांचा काही भाग फेरविचारासाठी परत धाडला. व्हर्जिनियातल्या मॅनासस गावाने २०१० साली ही सेवा बंदच केली. गिऱ्हाइकेही थोडीच होती म्हणा.

आता कोणी म्हणेल, वादळात तारा पडल्या की गोंगाटही गेलाच की! ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळाने दापोली-मंडणगडकडे खांब आडवे केले, मोबाइल मुके झाले. अशा वेळी मोटारीच्या बॅटरीवरही हॅमचे यंत्र चालते. पण बोलणारा दापोलीच्या अंधारात असला, तरी ऐकणारा पुण्यात दिव्याखाली बसलेला असतो. त्याच्या घरावरच्या तारा गोंगाट करीत असल्या, तर दापोलीची हाक त्याला ऐकू यायची कशी?