पत्ता कोणी सांगायचा?

पीसीच्या नेटवर्क कार्डाचा ४८ बिटांचा मॅक पत्ता सहसा कार्डातच कोरलेला असतो. छोट्या बोर्डांवर मात्र तो बरेचदा फ्लॅशमध्ये, यू-बूटच्या सेटिंगांत असतो. म्हणजे कर्नलला उठवणाऱ्या बूटलोडरनेच त्याला पत्ताही सांगायचा. कसा? जुन्या पॉवरपीसीवर एका सी-स्ट्रक्चरमधून. दोन्हीकडची व्याख्या जुळली नाही की बोंबला! एआरएमच्या अ‍ॅटॅग यादीत तर मॅकसाठी टॅगच नव्हता. मग ज्याची त्याची पळवाट. पत्ता मिळाला नाही की कित्येक ड्रायव्हर वाटेल तो आकडा घेत, आणि राउटरला दर बूटला नवाच पाहुणा दिसे. राखून ठेवलेला आयपी गेला वाया. मला हे फार खटकायचं. २०११ पासून एआरएम डिव्हाइस ट्रीकडे वळलं, तिथे ‘लोकल-मॅक-अ‍ॅड्रेस’ मिळाला. गंमत म्हणजे ही सोय १९९४ च्या ओपन फर्मवेअर मानकातली!