वल्ही फेकून द्या, असं सांगणारं इंजिन

आजचा भाग सुरू होतो हर्णैच्या समुद्रात, पहाटे साडेतीनला, बंद पडलेल्या एका इंजिनापासून. तिथून आपण अमेरिकेतल्या एका तळ्यावर जाणार आहोत, मग केरळात, आणि परत हर्णैला.

हर्णै माझं आजोळ. दापोलीजवळचं मासेमारीचं बंदर. संध्याकाळच्या लिलावाचे रील्स तुम्ही नक्की पाहिले असतील. माझ्या मामाची तिथे फायबरची छोटी होडी आहे आणि मागच्या फळीला एकच आउटबोर्ड. आउटबोर्ड म्हणजे होडीच्या बाहेर लटकणारं इंजिन. वर डोकं, खाली दांडा, दांड्याच्या टोकाला पंखा. हवं तेव्हा बसवा, हवं तेव्हा काढून खांद्यावर घरी न्या.

तर गेल्या डिसेंबरमध्ये हे इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं. पेट्रोलमध्ये पाणी गेलं होतं. पहाटेची वेळ म्हणजे मतलई, जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा. शाळेत भूगोलात आपण हे पाठ केलं होतं, आठवतंय? त्या पाठाचा खरा अर्थ असा की होडी हळूहळू बाहेर, खोल पाण्याकडे सरकत होती. मामाने नांगर टाकला. दोर पुरला, नशीब. फोनला एक काडी रेंज होती. साडेसहाला गावातली दुसरी होडी आली आणि दोरी लावून ओढत घेऊन गेली. मला हे कळलं सकाळी नऊ वाजता, फॅमिली ग्रुपवर, एका हात जोडलेल्या इमोजीसकट.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. महिन्यातला एक आठवडा माझा ऑन-कॉल असतो, म्हणजे रात्री सर्व्हर पडला की फोन माझा वाजतो. त्यामुळे माझा पहिला प्रश्न ठरलेला. फोन करून म्हटलं, "मामा, दुसरं छोटं इंजिन का नाही ठेवत?"

मामा म्हणाला, "याचाच हप्ता फिटत नाही, नि तू दुसरं सांग. तुझे आजोबा काय दोन शिडं घेऊन जायचे?"

फोन ठेवल्यावर हे वाक्य डोक्यात घोळत राहिलं. कारण उत्तर असं आहे की आजोबांकडे दोन 'इंजिनं' होती. एक वाऱ्यावर चालायचं, दुसरं भाकरीवर. शीड आणि वल्ही. शिडाच्या होड्यांचा सगळा दिवसच वाऱ्याला बांधलेला असायचा: पहाटे मतलई धरून बाहेर, दुपारनंतर खारा वारा सुटला की त्याच्यावर घरी. वारा पडला तर वल्ही. ही दोन साधनं इतकी वेगळी की दोन्ही एकाच कारणाने एकाच वेळी बंद पडणं जवळपास अशक्य. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

मग ही वल्ही गेली कुठे? इथे आपण अमेरिकेत जातो.

बोटीच्या मागे काढता-घालता येणारी मोटर लावायची कल्पना तशी जुनी. 1881 मध्ये गुस्ताव्ह ट्रूव्हे नावाच्या फ्रेंच माणसाने पॅरिसमध्ये सीन नदीवर बॅटरीवर चालणारी अशी मोटर फिरवून दाखवली होती. 1881! आपण इलेक्ट्रिक स्कूटरला नवीन समजतो. पण धंदा म्हणून हे यंत्र जगभर पोचवलं ते ओले इव्हिनरूडने. जन्म नॉर्वेचा, 1877 चा. लहानपणीच घरच्यांबरोबर अमेरिकेत विस्कॉन्सिनला आला. शाळा फारशी नाही, हात मात्र यंत्रांवर बसलेला.

त्याची गोष्ट अशी सांगतात. उन्हाळ्यातली सहल, तळं, आणि बेस नावाच्या मुलीला आइस्क्रीम हवं होतं. ओले तळ्यापलीकडे वल्हवत गेला, आइस्क्रीम घेऊन उन्हात परत वल्हवत आला. तोपर्यंत त्याचं सरबत झालेलं. आणि म्हणून त्याने मोटर बनवली. आता, शोधांच्या अशा गोष्टी मी मीठ टाकूनच खातो. पण बेस खरी होती, दोघांचं लग्न खरं होतं, आणि पुढचं तर पक्कंच खरं आहे: 1909 मध्ये त्यांनी जी मोटर विकायला काढली ती होती दीड अश्वशक्तीची, 62 पौंडांची, म्हणजे साधारण 28 किलो, आणि किंमत 62 डॉलर. हिशेब आणि पत्रव्यवहार बेसच बघायची. जाहिरातही तिचीच. तिचा आशय असा की वल्हवू नका, वल्ही फेकून द्या, इव्हिनरूडची मोटर वापरा.

वल्ही फेकून द्या! मार्केटिंग म्हणून एकदम कडक. पण माझ्यासारख्या ऑन-कॉलवाल्याच्या पोटात गोळा येतो. तुम्ही चालू असलेली जुनी सिस्टिम नव्या सिस्टिमच्या पहिल्याच दिवशी डिलीट करायला सांगताय? आणि ती पहिली मोटर एका सिलिंडरची होती. वरच्या चाकाची मूठ धरून हाताने गरकन फिरवायची, तेव्हा ती सुरू होणार.

सुरुवातीच्या मोठ्या ऑर्डरींपैकी काही आल्या स्कँडिनेव्हियातल्या मच्छीमारांसाठी, न्यूयॉर्कमधल्या एका डॅनिश निर्यातदारामार्फत. म्हणजे आइस्क्रीमची गोष्ट जरी रविवारच्या सहलीची असली, तरी पोटासाठी समुद्रात जाणाऱ्यांनी हे यंत्र फार लवकर उचललं. पुढे जपानी कंपन्या उतरल्या. यामाहाचं पहिलं आउटबोर्ड 1960 चं.

आता केरळ. इथे पुन्हा नॉर्वे येतं, आणि हा योगायोग मला फार आवडतो. 1953 मध्ये कोल्लमजवळ नींडकरा भागात इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प सुरू झाला. उद्देश होता तिथल्या मच्छीमारांच्या होड्यांना इंजिन देणं. पण लाटा फोडून थेट वाळूवर येणाऱ्या लाकडी होड्यांना इंजिन बसवणं जमेना. मग होडीच बदलली: आत डिझेल इंजिन असलेल्या नव्या छोट्या बोटी आल्या. त्यातून पुढे कोळंबीसाठी ट्रॉलिंग वाढलं, पैसा आला, आणि तो बहुतेक ट्रॉलरवाल्यांकडे गेला. वल्ही-शिडावर राहिलेल्यांच्या जाळ्यात येणारं कमी होत गेलं. भांडणं झाली, आंदोलनं झाली, आणि 1988 पासून पावसाळ्यात ट्रॉलिंगबंदी लागू झाली.

याच काळात, 1980 च्या आसपास, केरळच्या पारंपरिक होड्यांवर आउटबोर्ड झपाट्याने चढले. हौस म्हणून नाही. मासा लांब गेला होता आणि वल्ह्याने तिथे पोचून वेळेत परत येणं शक्य नव्हतं. ही इंजिनं पेट्रोलवर सुरू करायची, तापली की रॉकेलवर टाकायची, बंद करण्याआधी पुन्हा पेट्रोलवर आणायची. रॉकेल स्वस्त, पण काजळी धरतं, प्लग खराब होतात. आणि एकदा तुम्ही वल्ह्याच्या टप्प्यापलीकडे गेलात की प्लग खराब होणं ही कटकट राहत नाही, ते संकट होतं. इतिहासाच्या पुस्तकांत 'यांत्रिकीकरण' हा एक शब्द असतो. त्या शब्दात हे येत नाही की होडी जितकी लांब जायला लागली, तितका परतीचा दुसरा रस्ता बंद होत गेला.

मग दुसरा रस्ता परत कसा आणला? अमेरिकेत गळाने मासे धरणाऱ्या बोटींवर एक पद्धत आहे. मागे दीडशे-दोनशे अश्वशक्तीचं मोठं इंजिन, आणि त्याच्या शेजारी एक पिल्लू, पाच ते दहा अश्वशक्तीचं. त्याला 'किकर' म्हणतात. गळ ओढत सावकाश फिरायचं असतं तेव्हा ते वापरतात, कारण मोठं इंजिन तेवढं हळू नीट चालत नाही. आणि मोठं बंद पडलं तर पिल्लू घरी आणतं. तुम्ही म्हणाल, दोनशेचं काम नऊ अश्वशक्ती कसं करणार? वेगाचं काम नाहीच करत. पण बोट पाण्यावर उडवायला प्रचंड ताकद लागते, पाण्यातून सावकाश ढकलायला फार कमी. वीस-पंचवीस फुटी बोट छोट्या इंजिनावर चार-पाच नॉटने चालते, म्हणजे ताशी सात ते नऊ किलोमीटर. समोर जोरदार वारा किंवा ओहोटीचा ओढा नसेल तर पोचता.

थोडक्यात, वल्ही फेकून द्या म्हणणारं यंत्रच आता वल्हं झालं होतं.

पण इथेच मोठी गफलत होते, आणि ती आम्हा इंजिनियर लोकांच्या ओळखीची आहे. मामाच्या होडीवर त्या रात्री दुसरं इंजिन असतं आणि त्याची नळी त्याच टाकीत असती, तर? दोन्हींनी तेच पाणी प्यायलं असतं. दोन इंजिनं, बंद पडण्याचं कारण एकच. म्हणून छोट्या इंजिनाला स्वतःची टाकी हवी, आणि ते दोरी ओढून सुरू होणारं हवं, म्हणजे बॅटरी मेली तरी अडत नाही. शिवाय ते अधूनमधून चालवायला हवं, कारण सहा महिने पडून राहिलेलं पेट्रोल कार्ब्युरेटरमध्ये चिकट होऊन बसतं. 2017 मध्ये गिटलॅब कंपनीचा डेटा चुकून उडाला, तेव्हा बॅकअपचे अनेक मार्ग कागदावर होते आणि वेळेला त्यातले बहुतेक चाललेच नाहीत. तोच प्रकार.

हे सगळं मी मामाला होळीला गेलो तेव्हा सांगितलं. ओले, आइस्क्रीम, केरळ, सगळं. मामाने ऐकून घेतलं. मामी आतून म्हणाली, "त्या रात्री मी ओट्यावर बसून होते, तेव्हा तुझा तो ओले कुठे होता?" मग दोघांचं बोलणं झालं, त्यात मी पडलो नाही.

मे महिन्यात मामाने एक जुनं, पाच अश्वशक्तीचं आउटबोर्ड घेतलं. अर्धे पैसे मी दिले, आणि ते परत करणार असं तो दर फोनला सांगतो. टाकी वेगळी. गाळणीही वेगळी, पाणी वेगळं काढणारी. ऑगस्टमध्ये बंदी उठल्यावर एकदा मी सोबत गेलो होतो. परत येताना बंदर दिसायला लागल्यावर त्याने मोठं इंजिन बंद केलं, छोट्याची दोरी ओढली, तिसऱ्या झटक्याला ते सुरू झालं आणि आम्ही सुवर्णदुर्गाच्या बाजूने टुकूटुकू आत आलो. म्हणाला, "रोज शेवटची दहा मिनिटं हेच चालवतो. नायतर नेमकं त्या दिवशी रुसायचं."

मी खाली पाहिलं. कडेला, जाळ्याखाली, दोन वल्ही नायलॉनच्या दोरीने आवळून बांधलेली होती.

"मामा, ही कधीपासून?"

"ती होतीच रे. त्या रात्री पण मारली तासभर, म्हणून तर दोर पुरला."