बेटावरचं घराणं

स्मरणिका समितीने "जुन्या सभासदांनी काहीतरी लिहायलाच हवं" असं फर्मान काढलं, तेव्हा पहिल्यांदा मनात आला तो सोसायटीचाच इतिहास. पण पाण्याच्या टाकीच्या गळतीपासून नव्या लिफ्टपर्यंतचा सगळा इतिहास आपले सेक्रेटरी अहवालात देणारच आहेत. म्हणून मी जरा लांबची गोष्ट सांगतो. ती सातासमुद्रापलीकडे सुरू होते आणि फिरून आपल्याच गेटपाशी येते, तेवढा धीर वाचकांनी धरावा ही विनंती.

लेकीकडे न्यूयॉर्कला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. एका रविवारी जावईबापू आम्हाला लाँग आयलंडच्या पूर्व टोकाला, ईस्ट हॅम्प्टन नावाच्या गावी घेऊन गेले. गावात तळ्याकाठी जुनं कब्रस्तान आहे. हिचं म्हणणं, फिरायला आलो आणि कब्रस्तान कसलं बघायचं! पण तिथे दगडी छत्रीखाली चिलखत घातलेला एक शिपाई आडवा झोपलेला दिसला. दगडाचाच, पण मोठा रुबाबदार. नाव लायन गार्डिनर, मृत्यू १६६३. म्हणजे ज्या वर्षी महाराजांनी लाल महालात शिरून शाहिस्तेखानाची बोटं छाटली, त्याच वर्षी हा गृहस्थ तिकडे वारला. ही समाधी मात्र नंतरची, १८८६ साली वंशजांनी बांधलेली.

मला वंशावळीचं जुनं वेड. आमच्या घराण्यातला कोणी पूर्वज शिलेदारी करत कोकणातून वऱ्हाडात गेला आणि तिथेच जमीन मिळवून राहिला, असं लहानपणापासून ऐकत आलो. त्याचे कागद शोधण्यात माझी निवृत्तीनंतरची बरीच वर्षं गेली आणि हाती फारसं लागलं नाही. त्यामुळे साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या शिपायाचा इतका पक्का ठावठिकाणा बघून मला त्याचा हेवाच वाटला. उरलेली सुट्टी मी वाचनालयात काढली.

शिपाई ते वसाहतकार

लायन गार्डिनर जन्माने इंग्रज, जन्मसाल १५९९. त्याचे आईवडील कोण, गाव कुठलं, हे सिद्ध करणारा कागद नाही. पुढे हौशी मंडळींनी त्याला मोठमोठ्या खानदानांशी जोडून दिलं, पण पुरावा शून्य. आपल्याकडे नाही का, प्रत्येक घराण्याची वंशावळ मागे जाता जाता एखाद्या राजाला किंवा ऋषीला जाऊन भिडते!

पक्की माहिती सुरू होते ती हॉलंडपासून. तिथे प्रिन्स ऑफ ऑरेंजच्या फौजेत तो तटबंदीची कामं बघणारा इंजिनिअर होता. काही इंग्रज उमरावांना अमेरिकेत कनेटिकट नदीच्या मुखाशी वसाहत करायची होती. त्यांना किल्ला बांधणारा माणूस हवा होता. करार ठरला चार वर्षांचा, वर्षाला १०० पौंड. १० जुलै १६३५ रोजी तो बायकोला घेऊन हॉलंडमधल्या वूर्डन गावाहून निघाला, लंडनला आला आणि तिथून एका छोट्या गलबतातून अमेरिकेला. बोस्टनला पोचला २८ नोव्हेंबरला. त्या वेळी शिवाजी महाराज पाच वर्षांचे होते.

नदीच्या मुखाशी त्याने जो किल्ला बांधला त्याचं नाव सेब्रुक. मालक लॉर्ड से आणि लॉर्ड ब्रुक, दोघांची नावं जोडून गावाचं नाव! (आपल्याकडे बिल्डर मुलामुलींची नावं जोडून बिल्डिंगला देतात, ती खोड बरीच जुनी दिसते.) मालक मंडळींनी मोठ्या वस्तीची स्वप्नं दाखवली होती. प्रत्यक्षात आली मूठभर माणसं. आश्वासन आणि ताबा यांतलं अंतर आपल्याला कोणी वेगळं समजावून सांगायला नको.

युद्ध

तिथे आधीपासून राहणारे लोक म्हणजे पीक्वॉट. १६३६ च्या ऑगस्टमध्ये बोस्टनकरांनी त्यांना अद्दल घडवायला फौज पाठवली. गार्डिनरने विरोध केला. तुम्ही येऊन मोहोळ उठवाल आणि निघून जाल, डंख आम्हाला सोसावे लागतील, असा त्याचा मुद्दा होता. झालंही तसंच. फौज गावं जाळून परत गेली आणि सेब्रुकभोवती वेढा पडला. पुढच्या फेब्रुवारीत किल्ल्याबाहेर झालेल्या चकमकीत गार्डिनरला बाण लागले. अंगातल्या जाड चामडी कोटामुळे तो वाचला.

पण ही गोष्ट नुसती शौर्याची नाही. २६ मे १६३७ रोजी इंग्रज आणि त्यांच्या दोस्त टोळ्यांनी मिस्टिक इथल्या पीक्वॉट वस्तीला पहाटे वेढून आग लावली. शेकडो माणसं मेली, त्यात बायका-मुलं पुष्कळ. त्या मोहिमेला गार्डिनरने आपल्या किल्ल्यातली निवडक माणसं दिली होती. त्यानंतर तीनच दिवसांनी लाँग आयलंडवरच्या मोंटॉकेट लोकांचा नायक वायनडँच त्याच्याकडे आला आणि विचारलं, तुमचा राग सगळ्याच इंडियनांवर आहे का? गार्डिनर म्हणाला, नाही. पण तुमच्याकडे आश्रयाला येणाऱ्या पीक्वॉटांना मारा आणि त्यांची मुंडकी मला पाठवा, मग आपला व्यापार चालू. पुढे ज्या मैत्रीचं कौतुक सांगितलं जात होतं, तिची सुरुवात अशी झाली. हे आपल्याला कळतं, कारण गार्डिनरने ते स्वतःच लिहून ठेवलं. लपवलं नाही.

बेटाचा सौदा

करार संपला तेव्हा तो इंग्लंडला परत गेला नाही. ३ मे १६३९ रोजी त्याने लाँग आयलंडच्या टोकाजवळचं एक बेट तिथल्या नायकाकडून आणि त्याच्या बायकोकडून खरेदी केलं. आकार सुमारे ३,३०० एकर. तिथल्या लोकांच्या भाषेत मँचोनॅक, याने नाव दिलं आइल ऑफ वाइट. आज ते गार्डिनर्स आयलंड.

किंमत काय दिली? सगळीकडे सांगतात ती गोष्ट अशी : एक मोठा काळा कुत्रा, थोडी दारू-गोळी, काही डच घोंगड्या. ऐकायला मजेशीर वाटतं. खरेदीखतात मात्र लिहिलंय व्यापारी कापडाचे दहा कोट. कुत्र्याचं नाव नाही. घरात सांगितली जाणारी गोष्ट आणि कागद यांची गाठ घातली की असं होतं. गोष्ट टाकून देऊ नये, पण तिला गोष्ट म्हणूनच ठेवावं.

आणखी एक. गार्डिनर हुशार माणूस. इंग्रज राजाच्या वतीने लॉर्ड स्टर्लिंगकडे त्या भागाचा हक्क होता, त्याच्या मुखत्याराकडूनही याने वर्षाला पाच पौंडांवर वेगळी सनद करून घेतली. मूळ मालकाकडून खरेदीखत आणि वर सरकारी कागद, दोन्हीकडून पक्कं. आपलं कन्व्हेअन्स व्हायला किती वर्षं लागली ते आठवा म्हणजे या दूरदृष्टीची किंमत कळेल!

बायबलमधली नोंद

आता मला सगळ्यात भावलेली गोष्ट. गार्डिनरच्या घरच्या बायबलमध्ये त्याने स्वतःच्या हाताने कुटुंबाची नोंद केलेली आहे. मुलगा डेव्हिड, २९ एप्रिल १६३६, सेब्रुकला जन्मला. मुलगी मेरी, १६३८. धाकटी एलिझाबेथ, १४ सप्टेंबर १६४१, बेटावर. आजच्या न्यूयॉर्क राज्याच्या हद्दीत जन्मलेलं पहिलं इंग्रज मूल हीच, असं मानलं जातं.

आणि त्याच नोंदीत बायकोचं माहेर! मेरी, वूर्डनची, डच घरातली. तिच्या वडिलांचं नाव, आईचं नाव, एवढंच नव्हे तर आईची बहीण कुठल्या गृहस्थाला दिली, ते गृहस्थ गावचे माजी नगरप्रमुख कसे, त्यांचं घर कुठल्या रस्त्यावर, कोणत्या पाटीचं, समोर काय आहे, सगळं लिहिलंय. स्वतःच्या आईबापाबद्दल मात्र अवाक्षर नाही.

हे वाचलं आणि मी गप्प झालो. आमच्या वंशावळीच्या तक्त्यावर नऊ पिढ्या आहेत. त्यात बाई एकही नाही. माझ्या पणजीचं माहेरचं नाव मला माहीत नाही. आजीचं माहेरचं नाव मी आईला एकदा विचारलं होतं, तिने सांगितलंही होतं. मी लिहून घेतलं नाही. आता विचारायला आई नाही. चारशे वर्षांपूर्वीच्या एका शिपायाला जे सुचलं ते शिकल्यासवरल्या आम्हाला सुचलं नाही.

पुढच्या पिढ्या

एलिझाबेथ सोळाव्या वर्षी बाळंतपणानंतर तापाने गेली. तापाच्या भरात तिने गावातल्या एका बाईवर चेटकिणीचा आळ घेतला. १६५८ मध्ये त्या बाईवर हार्टफर्डला खटला झाला. सुदैवाने ती सुटली.

वायनडँचच्या मुलीला शत्रूच्या टोळीने पळवलं, तेव्हा तिला सोडवायला गार्डिनरने मदत केली आणि वायनडँचने कृतज्ञतेने त्याला मोठी जमीन लिहून दिली. साथीच्या रोगांत लाँग आयलंडवरचे दोन-तृतीयांश इंडियन मेले, असंही गार्डिनरनेच लिहून ठेवलंय. १६६० साली सेब्रुकच्या दोघा जुन्या सोबत्यांनी आग्रह केला, म्हणून त्याने जुने कागद धुंडाळून पीक्वॉट युद्धाची हकिगत लिहिली. म्हणजे त्यालाही एक स्मरणिका समिती भेटली होती म्हणायची! ती हकिगत छापून यायला मात्र १८३३ साल उजाडलं.

१६९९ साली प्रसिद्ध चाचा कॅप्टन किड याने या बेटावर खजिना पुरला. त्याने लुटलेलं सर्वांत मोठं जहाज म्हणजे 'केदा मर्चंट', बंगालहून सुरतेला निघालेलं, १६९८ मध्ये आपल्याच मलबार किनाऱ्यावर पकडलेलं. म्हणजे आपल्या बाजूचा माल फिरत फिरत गार्डिनरच्या नातवाच्या अंगणात पोचला! नातवाने तो निमूटपणे गव्हर्नरच्या हवाली केला. किडला १७०१ मध्ये लंडनला फाशी झाली. याच घराण्यातली ज्युलिया गार्डिनर १८४४ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन टायलर यांच्याशी लग्न करून व्हाइट हाउसमध्ये गेली. बेट आजही घराण्याकडेच आहे. मध्यंतरी मामा-भाचीचे कोर्टकज्जेही झाले. ते तर चालायचंच, घरोघरी मातीच्या चुली.

आणि मोंटॉकेट? १९१० साली न्यूयॉर्कच्या एका न्यायाधीशाने निकाल दिला की ही जमात आता अस्तित्वातच नाही. निकाल ऐकायला जमातीची माणसं कोर्टात हजर होती. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षं ती मंडळी 'आम्ही आहोत' एवढं सरकारदरबारी मान्य करून घ्यायला झगडत राहिली. एका घराण्याची नोंद बायबलमध्ये सुरक्षित राहिली आणि ज्यांनी जमीन दिली त्यांचं नाव खोडलं गेलं.

आपल्या गेटपाशी

परत आल्यावर एका संध्याकाळी मी सोसायटीच्या बाकावर बसलो होतो. पंचवीस वर्षांपूर्वी इथे राहायला आलो तेव्हा समोर भाताची खाचरं होती, रात्री बेडूक ओरडायचे. रस्ता नव्हता, पाणी टँकरचं. आपणही एका अर्थाने वेशीबाहेर वस्ती करणारेच. पण आपल्या प्लॉटवर आधी कोण शेती करत होतं? मूळ शेतकऱ्याचं नाव सात-बाराच्या जुन्या उताऱ्यावर आहे, आणि तो उतारा सोसायटीच्या फाइलमध्ये आहे. मी जाऊन बघितला. त्या घरातल्या एक आजी सुरुवातीची काही वर्षं गेटबाहेर भाजी घेऊन बसायच्या. आपल्यापैकी कित्येकांनी त्यांच्याकडून मेथी घेतली असेल. त्यांच्या शेतावर आपण राहतो हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

म्हणून समितीला आणि सर्व सभासदांना माझी एक सूचना आहे. रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या ऑफिसात एक जाड वही ठेवावी. प्रत्येक घराने तिच्यात एक पान लिहावं : आपण कुठून आलो, कधी आलो, घरातल्या सगळ्यांची नावं. बायकांची माहेरची नावं आणि गावंसुद्धा. सुनांनी लिहावं, आज्यांनी सांगावं, नातवंडांनी उतरवून घ्यावं. ऐकीव असेल तर 'ऐकीव' म्हणून लिहावं. लाज वाटण्यासारखं काही असेल तर तेही, जेवढं जमेल तेवढं. आपले जुने वॉचमन आणि घरकामाला येणाऱ्या मावशी यांनाही एकेक पान द्यावं. आणि वहीचं पहिलं पान त्या शेतकरी कुटुंबासाठी ठेवावं.

माझं पान मी लिहून सेक्रेटरींकडे दिलंय. त्यात पणजीच्या नावापुढची जागा कोरी आहे. वऱ्हाडातल्या एका चुलत आत्याला पत्र टाकलंय. त्यांचं वय एक्याण्णव. उत्तर आलं की जागा भरीन.